पाळणा फिरता हवा

पालकसभेत ठरावसाहेब उठून उभे राहिले तेव्हा बायकोनं त्यांचा शर्ट मागून ओढला. शर्ट पँटीतून बाहेर आला, पण साहेब खाली बसले नाहीत. त्यामुळे पुढचं सगळं भाषण त्यांनी शर्टाचं एक टोक मागे लोंबत असताना केलं, आणि तरीही ते अत्यंत गंभीर भाषण होतं.

"यंदाच्या शाळेच्या संमेलनात मुलांसाठी पाळणा आणायची जबाबदारी मी घेतो," ते म्हणाले. "पण एका अटीवर. शाळेतलं प्रत्येक मूल त्यात बसेल. प्रत्येक. हा शब्द ठरावात लिहून घ्या."

मुख्याध्यापिका बाईंनी लिहून घेतलं. अनुमोदन साहेबांच्याच इमारतीतल्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी दिलं. काकांचा नातू त्याच शाळेत होता, आणि दिसेल त्या गोष्टीला अनुमोदन द्यायचं ही काकांची निवृत्तीनंतरची नोकरी होती. सभेनं टाळ्या वाजवल्या. काम दुसऱ्याच्या गळ्यात पडलं की आपल्या लोकांच्या टाळ्या फार मनापासून येतात.

'ठरावसाहेब' हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून. गच्चीची किल्ली कुणाकडे असावी इथपासून जिन्यातला दिवा कुणी मालवावा इथपर्यंत त्यांनी इमारतीत ठराव मांडले होते. सगळे एकमतानं मंजूर झाले आणि एकाचीही अंमलबजावणी झाली नाही. लोक त्यांना 'साहेब' म्हणताना ओठ जरा वाकडे करत. साहेबांना ते कळत होतं, पण कळलं नाही असं ते दाखवत. याला सभ्यपणा म्हणतात. खरं तर तो निव्वळ भित्रेपणा असतो, फक्त इस्त्री केलेला.

त्या दिवशी मात्र साहेब तो भित्रेपणा घरी ठेवून आले होते, आणि त्याचं कारण त्यांची धाकटी मुलगी.

गेल्या वर्षीच्या संमेलनात घोड्यांचा फिरता पाळणा आला होता. पाळण्याच्या तोंडाशी एक उंचीची पट्टी उभी होती. पट्टीवर जोकर रंगवलेला आणि जोकरनं एक हात आडवा धरलेला. ज्याचं डोकं त्या हाताला टेकेल त्यानं घोड्यावर बसायचं, ज्याचं टेकणार नाही त्यानं घरी जाऊन जेवायचं. धाकटी रांगेत उभी राहून, उन्हात तापून पट्टीपर्यंत पोचली. पाळणेवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, जोकरच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "ही तर पाऊणच आहे. पुढच्या वर्षी पूर्ण होऊन ये."

रांग हसली. पोरांची रांग हसली की तिला आवरायला देवही येत नाही. त्या दिवसापासून वर्गात तिचं नाव 'पाऊण' पडलं. पाऊण, खडू दे. पाऊण, खिडकी लाव, पोचतो का बघ हात. वर्षभरात पोरगी बोटभर वाढली आणि नाव हातभर वाढलं.

घरी ती याबद्दल एकदाच बोलली. वहीला कव्हर घालता घालता म्हणाली, "बाबा, यंदा मी आजारी पडणार आहे."

"कधी?"

"संमेलनाच्या दिवशी."

साहेबांच्या हातातल्या कव्हराची घडी चुकली. तो 'प्रत्येक' शब्द तिथून आला होता.

आता पाळणा आणायचा म्हणजे काय करायचं, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. पण इमारतीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, पाळणा नको, मुलांना चक्कर येते, त्यापेक्षा सामान्यज्ञानाची स्पर्धा घ्या. शिंपी म्हणाला, घसरगुंडी आणा, फक्त पँटी फाटतात, पण ते माझ्यावर सोडा. समोरचा डॉक्टर म्हणाला की पाळण्याला त्याची हरकत नाही, दवाखाना उघडाच असतो. यातल्या एकानंही आपलं बूड जागचं हलवलं नाही. सल्ल्याचं हे बरं असतं, तो बसल्या जागी देता येतो.

काका मात्र एक पाऊल पुढे गेले. त्यांनी फोन नंबर दिला. "माझ्या माहितीतला माणूस आहे. पाळण्यातला पट्टीचा माणूस. माझं नाव सांगा, बास."

साहेबांनी दुसऱ्या दिवशी कचेरीतून फोन लावला.

"पाळणा भाड्यानं मिळेल ना?"

"मिळेल की. लाकडी का लोखंडी?"

"मजबूत कुठला?"

"लाकडीच. तीन पिढ्या वाढल्यात त्यात."

"मग लाकडी. आणि जरा सजवलेला हवा. कार्यक्रम मोठा आहे."

"झालर, घुंगरं, वर फिरणारी चिमणी, सगळं येतं."

वर चिमणी फिरते हे ऐकून साहेबांना बरं वाटलं. तेवढीच शोभा.

"मुलगा का मुलगी?"

"हा काय प्रश्न झाला? दोन्ही."

"दोन्ही? एकदमच?"

"एकदमच. आम्ही भेदभाव करत नाही."

"वा. अभिनंदन हं साहेब. मग दोन पाठवतो."

"दोन कशाला?"

"एकात ठेवली तर एकमेकांना लाथा मारतात हो."

साहेबांना शाळेतली मुलं आठवली. माणूस अनुभवी वाटला. "बरोबर आहे तुमचं. दोन पाठवा."

"आईची तब्येत कशी आहे?"

साहेबांना गहिवरून आलं. व्यवहाराच्या फोनवर आईची चौकशी कोण करतं हल्ली. "बरी आहे. गुडघे दुखतात जरा."

"दुखणारच. शेक द्या, विश्रांती द्या. आणि त्यांना जड काही उचलू देऊ नका."

पावती घरी येईल असं धरून साहेबांनी घरचा पत्ता दिला आणि समाधानानं फोन ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ते म्हणालेसुद्धा, की व्यवसायात माणुसकी अजून शिल्लक आहे.

पाळणे आले ते भर सकाळी, साहेब कचेरीत असताना. हमालांनी ते जिन्यातून वर चढवले. एक निळा, एक गुलाबी. दोन्हीवर चिमण्या फिरत होत्या आणि घुंगरं प्रत्येक पायरीला वाजत होती. प्रत्येक मजल्यावर दार उघडत गेलं. पाळणा म्हटला की नाव ठेवणं आलंच. इथे बाळाचा पत्ता नव्हता, पण जिनाभर नावं ठेवून झाली.

संध्याकाळी साहेब परतले तेव्हा शिंप्यानं फाटकातच त्यांचा हात हातात घेऊन दाबला. काही बोलला नाही, नुसता डोळ्यांनी हसला. डॉक्टरनं दवाखान्यातून मान बाहेर काढून सांगितलं, "या वयात जपायला हवं, पण काळजीचं कारण नाही." साहेबांना वाटलं पाळण्याबद्दल बोलतोय. ते म्हणाले, "काळजी कसली, सगळ्या शाळेसाठी आहे." डॉक्टरची मान हळूहळू आत गेली.

घरात बायको दोन पाळण्यांच्या मध्ये बसली होती. आ वासलेले पाळणे आणि घट्ट मिटलेलं तिचं तोंड.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"मलाच विचारता? मी सकाळपासून येईल त्या बाईला सांगतेय की मला काही झालेलं नाही. त्या म्हणतात, सुरुवातीला असंच वाटतं." ती उठली. निळ्या पाळण्याला धक्का लागला आणि घुंगरं वाजली. "तुमच्या आईंचा फोन आला होता. मला आधी का नाही सांगितलं म्हणून रडत होत्या. त्यांना कुणी कळवलं विचारा."

"कुणी?"

"अनुमोदकांनी."

साहेब तसेच खाली गेले. काका आरामखुर्चीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि निकाल दिला.

"तुम्ही पाळणा म्हणालात. त्यानं पाळणा दिला. फिरता पाळणा हवा होता तर फिरता म्हणायचं. भाषेत ढिसाळपणा चालत नाही, साहेब. तुमच्यासारख्या माणसाला हे मी सांगायचं?"

आयुष्यभर ज्यानं ठरावातल्या स्वल्पविरामांसाठी सभा लांबवल्या, त्याला हे ऐकावं लागलं. साहेबांच्या मनावर घाव बसला तो इथे. बायकोच्या नसलेल्या जुळ्यांपेक्षा हा घाव खोल होता.

पाळणे पाठवणाऱ्या दुकानदारानं फोनवर हात वर केले. गाडी बाहेरगावी गेली होती, आता संमेलन झाल्यावरच पाळणे उचलणार. "फिरता पाहिजे होता होय? तो आमच्या वहिनीकडे. पण तिच्याशी जपून बोला, ती माझ्यासारखी गोड नाही."

साहेब घरात आले तेव्हा धाकटी गुलाबी पाळण्यापाशी उभी होती. पाळण्याची वरची दांडी तिच्या कपाळाच्या पातळीवर होती. ती ते मोजत होती हे साहेबांच्या लक्षात आलं.

"बाबा, हे माझ्यासाठी आणलेत?" तिनं विचारलं. आवाजात रडू नव्हतं, म्हणूनच तो जास्त लागला. "घोड्यावर नाही बसता येत म्हणून?"

"नाही गं. चूक झाली."

"तुमची?"

"भाषेची."

त्या क्षणी साहेबांनी मनातल्या मनात एक ठराव मांडला. सूचक तेच. अनुमोदक नव्हता आणि यापुढे तो नकोच होता. आता आकाश कोसळलं तरी पाळणा येणार, फिरणार आणि ही पोरगी त्यात बसणार.

वहिनींचं आवार गावाबाहेर होतं. पत्र्याच्या छपराखाली घोडे ओळीनं आडवे पडले होते, कुणाचा कान गेलेला, कुणाची शेपटी. वहिनी एका घोड्याच्या तोंडात ब्रश घालून त्याचे दात पांढरे करत होत्या. शेजारी भिंतीला टेकून पट्टी उभी होती. तोच जोकर, तोच आडवा हात.

"गेल्या वर्षी आमच्या शाळेत तुमचाच पाळणा होता?" साहेबांनी विचारलं.

"असेल. आमचे हे घेऊन जातात." वहिनींनी ब्रशनं मागे दाखवलं. तिथं एक काटकुळा माणूस साखळीला तेल देत होता. साहेबांनी त्याला ओळखलं. वर्षभर हा चेहरा त्यांनी अंघोळ करताना, भाजी निवडताना आणि पाणीपट्टीच्या पावत्या फाडताना मनात बदडला होता. प्रत्यक्षात तो फारच किरकोळ निघाला. मारावं तर हातालाच लाज वाटावी.

"तुम्ही गेल्या वर्षी एका मुलीला पाऊण म्हणालात," साहेब म्हणाले.

"मी सगळ्याच बारक्यांना म्हणतो," तो तेल देता देता म्हणाला. "रांग हसते. रडारड होत नाही."

"जी रडली ती रांगेतून बाहेर गेली होती. म्हणून तुम्हाला दिसली नाही."

काटकुळ्याचा हात थांबला. वहिनींनी ब्रश खाली ठेवला. "पोरगी तुमची का?"

"माझी. आणि यंदा ती बसणार. ती पट्टी आणू नका."

"पट्टी येणार," वहिनी म्हणाल्या. "ती मोटार आहे ना, सुरू होताना झटका देते. पोराचा पाय रिकिबीत पोचला नाही तर पोर सरळ मातीत. एक पडलं तर मला कोण सोडवणार, तुमचा ठराव?"

"मोटार हळू सुरू करा."

"तिला दोनच गोष्टी कळतात. चालू आणि बंद. आमच्या ह्यांच्यासारखीच."

चुकीच्या माणसाशी भांडायची साहेबांना सवय होती. समोरचा बरोबर असला तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तरी ते मागे हटले नाहीत. त्यांनी पाळणा ठरवला. पट्टीचं पट्टीच्या जागी बघू.

इमारतीत बातमी पोचताच सल्ले पुन्हा सुरू झाले. शिंपी म्हणाला, बुटात कापड भरू. शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, केस वर बांधा, अंबाडा उंचीत धरतात का ते विचारा. काका म्हणाले, पोरीला रोज दाराच्या चौकटीला लोंबकळायला लावा. धाकटीनं हे सगळं दाराआडून ऐकलं आणि आईला विचारलं की आजारी पडायला साधारण काय खावं लागतं.

त्यानंतर परवान्याची खिडकी. साहेब स्वतः खिडकीच्या आत बसणारे. बाहेरून खिडकी किती उंच असते हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"पाळण्याचा प्रकार?" आतल्या कारकुनानं विचारलं.

या वेळी साहेब भाषेत ढिसाळ राहणार नव्हते. "फिरता पाळणा. घोड्यांचा."

"घोडे असतील तर ही खिडकी नाही. जनावरं पलीकडे."

पलीकडच्या खिडकीत एक जाडजूड बाई होत्या. "घोड्यांचा आरोग्याचा दाखला?"

"लाकडी आहेत हो."

"म्हणजे जिवंत नाहीत?"

"नाहीत."

"मेलेली जनावरं शाळेच्या आवारात नेता येत नाहीत."

साहेब खिडकीत आणखी वाकले. "ती मेलेली नाहीत. ती कधी जिवंतच नव्हती. तुम्ही असं लिहा ना: निर्जीव घोडे शाळेच्या मैदानात उभे करण्यास हरकत नाही."

बाईंनी पेन थांबवून त्यांच्याकडे आदरानं पाहिलं. असं वाक्य त्या खिडकीत बाहेरून कधी आलं नव्हतं. त्यांनी शब्दन् शब्द उतरवला आणि शिक्का मारला. साहेब परवाना छातीशी धरून घरी आले आणि बायकोला दोनदा वाचून दाखवला. 'उभे करण्यास' ही शब्दयोजना त्यांना विशेष आवडली होती.

संमेलनाच्या सकाळी मैदानावर सगळं गाव लोटलं. पाळण्याची गाडी शाळेच्या फाटकात अडकली. फाटक म्हणे मी रुंद होणार नाही, गाडी म्हणे मी अरुंद होणार नाही. शेवटी घोडे एकेक करून माणसांनी आत न्यायचे ठरले. साहेबांनी पहिला घोडा खांद्यावर घेतला. बाकीचे कसे न्यावेत यावर सल्ला देणारे बरेच होते. वहिनी, काटकुळा आणि साहेब यांनीच ते नेले. साहेबांच्या कंबरेत पहिली कळ तेव्हाच आली, पण ठराव मंजूर झालेला होता.

बायको दोन्ही पाळणे रिक्षात घालून शाळेत घेऊन आली होती आणि तिनं ते व्हरांड्यात मांडले. "माझ्या घरात आता हे एक दिवसही नकोत," एवढंच ती म्हणाली. धाकटीही आली होती, पण पोटात दुखतंय सांगून कुठल्याशा वर्गात जाऊन बसली.

पाळणा उभा राहिला. घोड्यांचे पांढरे दात उन्हात चमकले. पोरांची रांग लागली, पट्टी उभी राहिली, काटकुळ्यानं मोटारीच्या खटक्याला हात घातला, आणि तेवढ्यात तपासनीस आला. त्यानं परवाना हातात घेतला, एकदा वाचला, उलटा करून पाहिला, परत वाचला.

"यात घोडे उभे करण्यास परवानगी आहे," तो म्हणाला. "फिरवण्यास नाही."

साहेबांनी बोटानं घोडे दाखवले. "पाळणा म्हटल्यावर फिरणारच ना?"

"पाळणा हा शब्दच यात नाही. मोटारही नाही. मोटार लावली की हे यंत्र झालं. यंत्राची खिडकी वेगळी, आणि ती आज बंद."

मागून काका म्हणाले, "मी म्हणत होतो ना, भाषेत ढिसाळपणा." शिकवणीवाल्या बाईंनी सामान्यज्ञानाच्या स्पर्धेची आठवण करून दिली. मुख्याध्यापिका बाईंनी ध्वनिक्षेपकाकडे हात नेला आणि जाहीर केलं की मुलांनी नाराज होऊ नये, पाळण्याऐवजी आता पाहुण्यांची भाषणं लवकर सुरू होतील. रांगेतून जो आवाज उठला तो ऐकून पाहुणेच घाबरले.

साहेबांनी त्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं. आपला पडलेला चेहरा बघायला ही सगळी माणसं वर्तुळ करून उभी होती, आणि पाळण्याच्या घोड्यांइतकीच जागची हलत नव्हती. साहेबांच्या डोक्यात काहीतरी तापलं, आणि तापलं ते बरंच झालं.

"मोटार काढली तर?" त्यांनी तपासनिसाला विचारलं.

"तर काय? तर मग हे फर्निचर."

"आणि फर्निचर हातानं ढकललं तर?"

तपासनिसानं विचार केला. "टेबल सरकवायला कोण परवाना मागतं?" असं म्हणून त्यानं परवाना परत दिला आणि तो चहाकडे गेला.

साहेब वहिनींकडे वळले. "मोटार काढा."

"आणि फिरवणार कोण? तुमचे हे निर्जीव?"

"ते माझ्यावर सोडा. मोटार नाही म्हणजे झटका नाही. झटका नाही तर पट्टी कशाला?"

वहिनींनी पट्टीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग साहेबांच्या कंबरेवर टेकलेल्या हाताकडे. "चालीनं फिरवायचं, पळवायचं नाही. आणि बारक्या पोराशेजारी एक माणूस चालेल," त्या म्हणाल्या. त्यांनी जोकरला बगलेत मारलं आणि नेऊन भिंतीशी उभा केला.

साहेबांनी मुख्याध्यापिका बाईंच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला. मागितला नाही, घेतला. आयुष्यात पहिल्यांदा ते मुद्दा क्रमांक न घालता बोलले.

"प्रत्येक मूल बसेल असा ठराव या शाळेनं टाळ्या वाजवून मंजूर केलाय. सूचक मी. अनुमोदक खालचे काका. काका, पाळण्याचा हा ढकलायचा दांडा तुमचा. बाकी तुम्ही लोकांनी मला इतके दिवस सल्ला दिलात, तो मला पोचला. आज सल्ला नको. खांदा पाहिजे. टाळ्या वाजवलेले हात घेऊन पुढे या. आणि कुणाला वाटत असेल की आपण मागच्या मागे घरी जाऊ, तर फाटकात अजून गाडी अडकलेली आहे."

मग काकांचा नातू रांगेतून ओरडला, "आजोबा, जा ना." आणि काका गेले. जाण्याखेरीज त्यांना मार्गच नव्हता. अनुमोदन देऊन माणूस दांड्याला लागला, असं इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं. त्यांच्या मागे शिंपी गेला, डॉक्टर गेला. शिकवणीवाल्या बाईंनी पदर खोचला. बायका पुढे आल्या, त्यांनी कडेवरची पोरं व्हरांड्यातल्या निळ्या-गुलाबी पाळण्यांत ठेवली आणि बायकोनं त्यांना झोके दिले. एकात दोन ठेवली तर लाथा मारतात हे तिला लगेच कळलं. काटकुळा साहेबांच्या शेजारच्या दांड्याला लागला, खाली मान घालून.

साहेब मात्र आधी वर्गात गेले. धाकटी शेवटच्या बाकावर बसली होती.

"चल."

"पट्टी आहे."

"पट्टी काढली."

ती उठली नाही. "माझ्यासाठी काढली? मग नको."

पोरगी बापावरच गेली होती. दयेचा शब्द तिच्या ठरावात बसत नव्हता. साहेब बाकावर तिच्या शेजारी टेकले.

"तुझ्यासाठी नाही काढली. मोटारमुळे काढली. मोटारकडे परवाना नव्हता. तपासनिसानं तिला बाहेर उभं केलं."

"मोटारला बसू दिलं नाही?"

"नाही."

"रांगेतून बाहेर काढलं?"

"सगळ्यांच्या देखत."

धाकटीच्या ओठांचं एक टोक हललं. "म्हणजे मोटारच पाऊण निघाली," ती म्हणाली. मग ती उठली.

तिनं कान नसलेला घोडा निवडला. साहेब शेजारच्या दांड्याला लागले. "हं," म्हणून वहिनींनी हाक दिली. खांदे टेकले, धापा लागल्या, कुणाची तरी चप्पल तुटली आणि पाळणा फिरू लागला. झटका नाही, काही नाही. माणसांच्या चालीनं सुरू झालेली गोष्ट हळूहळूच सुरू होते. धाकटीचे पाय रिकिबीच्या वर लोंबत होते आणि तिला त्याची पर्वा नव्हती. समोरच्या घोड्यावरची वर्गातली पोरगी मागे वळून म्हणाली, "पाऊण, घट्ट धर." धाकटीनं घोड्याच्या मानेवरचा एक हात मुद्दाम सोडला आणि खाली बघत हुकूम सोडला, "डॉक्टरकाका, जोरात. तुम्ही नुसता हात लावताय."

रांग हसली. या वेळी डॉक्टरला.

त्यानंतर एकामागून एक मुलं बसत गेली. उंच बसली, ठेंगणी बसली, शाळेच्या शिपायाचं अडीच वर्षांचं पोर बसलं, त्याच्या शेजारी काटकुळा एक हात धरून गोल गोल चालला. पाहुण्यांची भाषणं झालीच नाहीत, कारण पाहुणेही दांड्याला होते. काका ढकलता ढकलता सल्ला द्यायला तोंड उघडत, पण दम पुरत नसे. शेवटचं मूल उतरलं तेव्हा मैदानावरच्या मोठ्या माणसांत बोलायचं त्राण राहिलं नव्हतं. इमारतीच्या इतिहासात अशी शांतता कधी झाली नव्हती.

साहेबांनी दांडा सोडला. कंबर मात्र सुटेना. ते दांड्यावर वाकले होते तसेच वाकलेले राहिले. सरळ व्हायचा प्रयत्न केला तर तोंडातून गाडीच्या ब्रेकसारखा आवाज आला. डॉक्टर जवळ आला, पण तोही वाकलेलाच होता, त्यामुळे दोघं एकमेकांच्या बुटांकडे बघत बोलले. बायकोनं एका बाजूनं आधार दिला. "अहो, घरी पाळण्यात घालून नेऊ का?" ती म्हणाली. कित्येक दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती.

तेवढ्यात धाकटी भिंतीशी गेली. तिनं जोकरची पट्टी उचलली, ओढत ओढत आणली आणि साहेबांच्या शेजारी उभी केली. पोरं गोळा झाली. काटकुळाही थांबून बघायला लागला. धाकटीनं आधी जोकरच्या आडव्या हाताकडे पाहिलं, मग बापाच्या डोक्याकडे. ते हाताच्या चांगलं बोटभर खाली होतं.

"बाबा," ती म्हणाली, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्ही तर पाऊणच आहात. पुढच्या वर्षी पूर्ण होऊन या."

रांग हसली. काटकुळा हसला नाही, त्यानं मान खाली घातली. साहेबांना हसायचं होतं, पण हसू कंबरेपर्यंत जाऊन तिथं कळ देत होतं. शर्टाचं मागचं टोक पुन्हा बाहेर आलेलं होतं. या वेळी बायकोनं ते ओढलं नाही, नीट आत खोचलं.

"लिहून घ्या," साहेब जमिनीकडे बघत म्हणाले. "ठरावात लिहून घ्या."